चाकणच्या गेटवरचं अर्धं भाषण

मी अराज्यवादी आहे हे आमच्या विट्यात दोघांनाच माहीत आहे: मला आणि माझ्या बायकोला. त्यातल्या एकाचा त्यावर विश्वास नाही. अराज्यवादी म्हणजे राजा नको, सरकार नको, साहेब नको, माणसं आपसात ठरवून आपला कारभार नीट चालवतील असं मानणारा. बायको म्हणते, ज्याला स्वतःची बनियन कुठे आहे हे दुसऱ्याला विचारावं लागतं, त्याने सरकार नको म्हणू नये. अराजक म्हटलं की लोकांना तोडफोड आठवते. माझ्या हातून आजवर फुटल्या त्या फक्त कपबश्या, त्याही सासरहून आलेल्या.

हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालो. स्वातंत्र्यलढ्याचा धडा इतक्या वेळा शिकवला की शेवटी शेवटी इंग्रजही मला कंटाळून गेला असावा असं वाटायचं. आजोबा बेचाळिसात भूमिगत होते. आमच्या भागात तेव्हा लोकांनी इंग्रजाला न विचारता गावं चालवली, तंटे मिटवले, गुंडांना धाक बसवला. मग स्वातंत्र्य आलं, आजोबांचा सत्कार झाला, आणि सातबाऱ्याच्या कामासाठी ते चावडीवर गेले. घरी येऊन एवढंच म्हणाले, "इंग्रज गेला, तलाठी तोच राहिला."

या एका वाक्यावर मी एक व्याख्यान बेतलं होतं. पहिला भाग असा, की परक्या मालकाशी लढणं बरोबरच. दुसरा भाग असा, की तो लढा 'आपला देश, आपली माणसं' या नावाने लढलात तर जिंकल्यावर देश कुणाच्या नावावर चढतो ते बघा. हे व्याख्यान ऐकायला विट्यात कुणी तयार नव्हतं. पुण्याजवळ वाकडच्या एका वाचक मंडळाने बोलावलं तेव्हा मी पिशवीत दोन सदरे आणि बायकोने दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घालून निघालो.

वाकड

वाकडच्या त्या सोसायटीला इतके मजले होते की वर बघताना टोपी पडली. गेटवर रखवालदाराने नाव विचारलं, गाव विचारलं, फोटो काढला, आणि वरच्या घरी फोन लागेना म्हणून मला बाकावर बसवलं. सत्ता कशी झुगारावी हे सांगायला आलेला माणूस एका शिट्टीवाल्याच्या परवानगीची वाट बघत पाऊण तास गुमान बसून होता. एकदा पाय पसरले, तर तो म्हणाला, "काका, पाय आत." मी पाय आत घेतले.

श्रोते मोजकेच होते. त्यातले दोघे टेबल टेनिसचं टेबल रिकामं होण्याची वाट बघत होते आणि मी त्या टेबलावरच टिपणं मांडली होती. व्याख्यान संपल्यावर एका तरुणाने अगदी मनापासून विचारलं, "सर, सरकार नसेल तर हिंजवडीच्या ट्रॅफिकचं काय?" मी म्हटलं, आत्ता सरकार आहे, तर काय आहे? यावर सगळे हसले आणि उठले. मला वाटलं, जिंकलो.

मागच्या खुर्चीवरचा एक माणूस मात्र उठला नाही. दिलीप. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तो मूळचा कासारवाडीचा. वडील कारखान्यात, हा कारखान्यात, आता निवृत्त होऊन ठेक्यावरच्या कामगारांची भांडणं अंगावर घेत फिरणारा.

"मास्तर," तो म्हणाला, "एसी हॉलमध्ये काय इंग्रज घालवतोस राव? उद्या चाकणला चल. तिथं अजून आहे."

कासारवाडी

दिलीपचं घर रेल्वेलाइनपासून इतकं जवळ की गाडी जाताना बोलणं थांबवायचं, आणि गाडी गेल्यावर वाक्य जिथे सोडलं तिथून उचलायचं, अशी घरात रीत आहे. मला ती जमेना. मी गाडीवर ओरडत राहायचो आणि गाडी गेल्यावर एकटाच ओरडताना सापडायचो. वहिनींनी बाजरीची भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती. आमच्याकडे ज्वारी, बाजरी म्हणजे संक्रांतीपुरती. ती खाताना कडक लागते आणि पोटात गेल्यावर उबदार.

जेवताना मी माझं व्याख्यान पुन्हा काढलं. दिलीपने भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं.

"इंग्रज गेला तेव्हा माझ्या आज्याला कुणी विचारलं होतं का, कोण जातंय नि कोण येतंय?" तो म्हणाला. "गावकुसाबाहेर उभा राहून बघत होता तो. त्यामुळं देशाचं फार कौतुक नको, हे तुझं मान्य. पण तुझं ते अराज्य मला नको. सरकार काढलंस तर गावात काय उरतं? गाव. आणि गाव आम्ही बघितलंय. आम्हाला कायदा लागतो, भावा."

"पण माणसं आपसात ठरवून..."

"आपसात कोण?" गाडी आली. ती जाईपर्यंत वहिनींनी मला आणखी एक भाकरी वाढली, आणि माझं उत्तर त्या भाकरीखाली राहून गेलं.

मग त्याने चाकणचा प्रकार सांगितला. गाड्यांसाठी पत्र्याचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी, मालक परदेशातला. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर हात आत गेला तर मशीन आपोआप थांबावं म्हणून सेन्सर असतो. माल जास्त निघावा म्हणून तो बंद करून ठेवलेला. रंजन नावाच्या ओडिशाच्या पोराची उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याच्या लाइनवरच्या बाकीच्या दहा जणांनी मशीनं बंद केली आणि सेन्सर दुरुस्त होईपर्यंत हात लावणार नाही म्हणाले. ते दहा जण मराठवाडा-विदर्भातले. दुसऱ्या दिवसापासून अकराही जणांना गेट बंद केलं. मुकादम सांगत सुटला, की रंजन दारू पिऊन मोटरसायकलवरून पडला. तेव्हापासून महिनाभर ते गेटसमोर मांडव टाकून बसले होते. रोज पहिल्या चहाआधी सगळे एकदम म्हणायचे: गेलो तर सगळे, नाहीतर कुणीच नाही.

ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ना नेता, ना पक्ष, ना झेंडा! माझं दुसऱ्या भागाचं स्वप्नच कुणीतरी गेटसमोर मांडून ठेवलं होतं.

चाकण

झेंडा होता. मांडवाच्या पुढच्या बांबूला चांगला मोठा तिरंगा बांधलेला. माझा चेहरा बघून दिलीप म्हणाला, "तो असला की पोलीस मांडवाला हात लावताना दोनदा विचार करतात. तोंड वाकडं करू नको."

चाकण म्हणजे मला कांद्याचा बाजार माहीत होता. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेड, शेडमागे शेड, मध्येच कुणाचे तरी दोन गुंठे कांद्याचे हिरवे वाफे, त्यावर ट्रकचा धुरळा. कंटेनरांची रांग इतकी लांब की ड्रायव्हर खाली उतरून अंघोळ उरकत होते. आमच्याकडे ऊसगाड्यांची रांग लागते तेव्हा निदान ऊस मोडून खाता येतो. इथे कंटेनर बंद. आत काय आहे ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं.

मांडवात रंजन भेटला. बावीस-तेवीसचा असेल. उजवा हात पट्टीत, डाव्या हाताने भात कालवत होता. त्याच्या खोलीवर रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीबरोबर खातात. मला दिला. आमच्याकडे उन्हाळ्यात शिळ्या भातात ताक घालतात, त्याचाच हा भाऊ. पण मी मिरची भाजी समजून अख्खी चावली आणि पुढचा बराच वेळ क्रांती बाजूला ठेवून पाणी पीत बसलो. त्याच्या शेजारचा गणेश हसून हसून आडवा झाला. गणेश लातूरकडचा. अपघाताच्या दिवशी रंजनला मोटरसायकलवर मध्ये बसवून, त्याची बोटं रुमालात बांधून त्यानेच दवाखान्यात नेलं होतं. भाताचा डबा रोज तोच उघडून द्यायचा.

मी रंजनला विचारलं, तुला नक्की काय हवंय?

"बस इतना, कि वो बोलें हाथ मशीन में गया," तो म्हणाला. "और अंदर बैठने वाला कोई काम. मुकादम बोलता है, तू घर जा, तेरे छोटे भाई को लगा देते हैं तेरी जगह. घर में सब बोल रहे हैं, ठीक है, भेज देते हैं. भाई को नहीं आने देना है, सर. वो मशीन वैसा ही है."

दुपारी माझं भाषण. समोर अकरा जण, मागे शिफ्ट सुटलेले पन्नासेक, शिवाय गावातली काही मंडळी पुढच्या खुर्च्यांवर. मी सुरुवात झोकात केली. म्हटलं, इंग्रज सात समुद्रांपलीकडून आला. तुमच्या या कंपनीचा मालकही सात समुद्रांपलीकडेच राहतो. टाळी! शाळेतल्या सगळ्या नोकरीत मला टाळी मिळाली होती ती फक्त तास संपल्याची. पुढचं वाक्य असं होतं, की इंग्रज गावात कुणी पाहिलाच नाही, पाहिला तो आपलाच पाटील आणि आपलाच मुकादम. पण टाळीची चटक लागली. मी परदेशी मालकाला आणखी एक हाणली. पुन्हा टाळी. मग मी त्याचा टाय काढला, कोट काढला, त्याला जहाजात बसवला, समुद्रात बुडवला. लोक उभे राहिले. घसा साफ करून दुसऱ्या भागाकडे वळणार, तोच मागून शाल आली.

शाल घेऊन अण्णा आले होते. अण्णा म्हणजे गावातलं मोठं घर. गुडघ्याला पट्टा, तोंडात वेलदोडा, आणि प्रत्येक पोराचं नाव पाठ. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माझ्या हातातला माइक इतक्या अदबीने काढून घेतला की मला वाटलं मीच दिला.

"मास्तर लाखातलं बोलले," अण्णा म्हणाले. "जमीन आमची, घाम आपल्या पोरांचा, आन मालक परदेशातला! आता हितं आपल्या मातीतल्या पोरांचा हक आधी. व्हय का न्हाई?"

"व्हय!" मांडव गरजला. मीही मान डोलावली. शाल उबदार होती.

नंतर अण्णा माझ्यापाशी येऊन बसले. माणूस लाघवी. म्हणाले, "माझा म्हातारा बी तुमच्यावाणीच. जमीन घ्यायला आले तवा बुलडोझरम्होरं आडवा झाला. आठ दिस जेलात व्हता. तो जिथं झोपला ना, तिथं आता कंपनीचं पार्किंग हाय. तिथल्या बसगाड्या माझ्याच." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि बापाच्या आठवणीने त्यांचे डोळे खरंच भरून आले.

ते गेल्यावर दिलीप म्हणाला, "बसगाड्या त्याच्या, कँटीन त्याचं, भंगार त्याचं. आणि रंजनला ओडिशाहून आणणारा मुकादम, तोही त्याच्याच पगारावर. मास्तर, तुझा दुसरा भाग माइक घेऊन बोलून गेला. तू बसून ऐकलास."

सव्वीस जानेवारी, त्याच गेटवर

सकाळी कळलं, की मांडवासमोर झेंडावंदन आहे आणि ते माझ्या हस्ते आहे. कालच्या भाषणाचं बक्षीस. मी दिलीपला म्हटलं, मला जमणार नाही, मी कुठल्याच देशाच्या झेंड्याला सलाम करत नाही. तो म्हणाला, "मग तोंडावर सांग त्यांना." तोंडावर सांगण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. मी पोट बिघडल्याची खूण केली आणि कंपनीच्या भिंतीमागच्या ओढ्याकडे निघालो. तिथे गवतात बसून राहिलो. लाउडस्पीकरवर माझं नाव दोनदा आलं. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा मी बसल्या जागी अर्धवट उठलो आणि पुन्हा बसलो. त्या सवयीचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. उठबशीत धोतराला गोखरू चिकटले ते वेगळेच.

गोखरू काढत होतो तेवढ्यात दिलीप धापा टाकत आला. सगळीकडे मला शोधत होता. आम्ही मांडवात पोचलो तोवर झेंडा अण्णांनी फडकवला होता, कंपनीच्या मॅनेजरने बाहेर येऊन त्यांचा हात धरला होता, आणि अण्णा मांडवातली दोन पोरं बरोबर घेऊन बोलणी करायला आत गेले होते. वाटाघाटीला दिलीप जाणार असं महिनाभर ठरलेलं होतं.

अण्णा बाहेर आले ते हात वर करूनच. "उद्या पहिल्या शिफ्टला आपली दहाच्या दहा पोरं आत!"

फटाक्यांची माळ कुणीतरी तयारच ठेवली होती. ती वाजून संपल्यावर दिलीप म्हणाला, "अण्णा, अकरा होते."

"दिलीपराव, त्या पोराचा विषय मुकादम बघंल."

"आणि सेन्सर?"

"तुमी लई कायद्याचं बोलता. कायद्यानं दोन वर्सं जातील. हितं उद्या गेट उघडतंय. इचारा पोरांस्नी, थांबायचंय का दोन वर्सं?"

दिलीपने पोरांकडे बघितलं. मीही बघितलं. गणेश चपलेने माती उकरत होता. रंजन शेवटच्या खुर्चीवर होता. मराठी त्याला पुरेसं कळत असावं, कारण त्याने कुणाला काही विचारलं नाही.

गणेश संध्याकाळी माझ्याजवळ आला. "मास्तर, माजं लगीन जमलंय. पोरीकडचे इचारालेत, काम हाय का न्हाई म्हणून. काय सांगू?" माझ्याकडे एका व्याख्यानाचा अख्खा दुसरा भाग होता. मी त्याला अण्णांनी दिलेला नारळ दिला.

परतताना दिलीप म्हणाला, "त्या झेंड्यामागं कायदा आहे म्हणून मी उभा राहतो. माझ्या बापाला त्याच कायद्यानं गेटच्या आत घेतलं. तू झेंडा बघून पळतोस, आणि अण्णा तो उचलून नेतो. हातात काय राहतं आपल्या?"

"गोखरू," मी म्हटलं. तो हसेल असं वाटलं होतं.

सत्तावीस जानेवारी

दिलीप लेबर ऑफिसात रंजनची तक्रार द्यायला गेला, आणि मी रंजनबरोबर गेटवर बसलो. मांडववाला बांबू काढून घेऊन गेला होता. जमिनीत नुसती भोकं राहिली होती. पहाटे दहा जण आत गेले तेव्हा आम्ही नव्हतो. आता रंजनचं एकच काम उरलं होतं. अपघाताच्या दिवशीचा त्याचा जेवणाचा डबा आतल्या लॉकरमध्ये राहिला होता. शिफ्ट सुटताना गणेश घेऊन येणार होता.

मी त्याला म्हटलं, अरे, महिन्याभरापूर्वीचा डबा, भाजीचं काय झालं असेल! तो म्हणाला, "डिब्बा नया था, सर."

दुपारी त्याला घरून फोन आला. तो ओडियात बोलला. मला त्यातलं फक्त 'टिकट' कळलं. फोन ठेवून तो म्हणाला, "भाई का टिकट हो गया. मुकादम ने निकाल दिया." आजोबांची गोष्ट ओठांवर आली होती; तिच्याऐवजी मी पिशवीतला एक लाडू काढून त्याच्या डाव्या हातावर ठेवला.

तीनचा भोंगा झाला. रंजन उभा राहिला, शर्ट नीट केला, डाव्या हाताने केस मागे सारले. एक कंटेनर आत गेला, एक बाहेर आला. माणूस एकही आला नाही. थोड्या वेळाने वॉचमन केबिनमधून बाहेर आला. हातात स्टीलचा डबा होता.

"गणेश दे गया. बोला, दे देना."

"खुद नहीं आया?" रंजनने विचारलं.

"सब पीछे वाले गेट से निकल गए."

मागचं गेट भंगाराच्या गाडीचं. तिथून ओढा ओलांडून, काटेरी झुडपांतून मोठ्या रस्त्याला यावं लागतं. मी कालच बघून आलो होतो. मी वॉचमनला विचारलं, मॅनेजरने पाठवलं का त्यांना तिकडून? अण्णांचा निरोप होता?

"नहीं साहब, किसी ने कुछ नहीं बोला. वहीं खड़े होकर आपस में तय किया और चले गए."

आपसात ठरवून. माझ्या व्याख्यानाचा सगळा दुसरा भाग या दोन शब्दांवर उभा होता.

डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. रंजनने थोडा वेळ एका हाताने खटपट केली आणि मग डबा माझ्यापुढे धरला. मी उघडून दिला. आत कुणीतरी महिनाभराची वाळलेली भाजी बसून खरवडून काढली होती, आणि कडेच्या खाचेपर्यंत घासून डबा लख्ख केला होता.